शुद्ध हिंदीचं घर

रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या विजयाबाई पांढरीपांडे यांची तक्रार एकच होती. ती त्या मराठीत करत आणि तिचं उत्तर त्यांना हिंदीत मिळे. तक्रार हीच होती.

लग्न होऊन त्या आर्वीहून रायपूरला आल्या, तेव्हा सासरी सगळे मराठी बोलत. मग सासूबाई गेल्या, दीर बदली होऊन भिलाईला गेले, आणि मुलं शाळेत गेली ती येताना हिंदी घेऊनच घरी आली. मोठा अनिमेष आता बंगलोरला नोकरीला होता. रविवारी फोन करायचा. "जेवला का रे बाबू?" असं यांनी विचारावं, तर तिकडून "हाँ आई, खा लिया आई." पूर्णिमा कॉलेजात होती. "काय वं, डबा काहून परत आणला?" तर "मेरे को भूख नहीं थी आई." पोरं गुणाची होती, उलटून बोलत नसत, पण जे काय बोलत ते हिंदीत.

राहता राहिले गंगाधरराव. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेला माणूस. ते मराठीच बोलत, पण त्यांचं बोलणं आटत आटत 'हव' एवढ्या एका शब्दावर आलं होतं. जेवायला वाढू? हव. पंखा बंद करू? हव. आणि 'हव' तर छत्तीसगढीतही चालतं! म्हणजे एवढ्या मोठ्या घरात बाईला धड आपल्या भाषेत भांडायची सोय नाही. विजयाबाईंना याचं वाईट वाटे, आणि चांगलंच वाईट वाटे. पण हे दुःख असं, की शेजारणीला सांगायला जावं तर तेही हिंदीतच सांगावं लागे.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झाली, आणि माणसांना काहीही सुचू लागलं. ऑटोवाले 'राजधानी है' म्हणून भाडं वाढवू लागले, आणि समता कॉलनीतल्या भैय्यालालजी तिवारींनी विदेशी लोकांना हिंदी शिकवायचा क्लास काढला. भैय्यालालजी हिंदीचे रिटायर प्रोफेसर. त्यांचं म्हणणं असं, की दिल्लीत सगळे इंग्रजी झाडतात, तिथं हिंदी कोण शिकणार? हिंदी शिकावी ती रायपूरला, आणि तीही घरात राहून. म्हणून एक दिवस ते गंगाधररावांकडे आले. अनिमेषला त्यांनी शिकवलं होतं, आणि अनिमेषची खोली रिकामी होती.

"स्पेन की लड़की है," भैय्यालालजी म्हणाले. "साल भर रहेगी. शर्त एक ही है, घर में शुद्ध हिंदी का वातावरण रहना चाहिए. अंग्रेज़ी बिलकुल नहीं."

"हव," गंगाधरराव म्हणाले.

विजयाबाईंना हे पडद्याआडून ऐकू आलं. इंग्रजी बोलायचं नाही, एवढं त्यांनी लक्षात ठेवलं. ते त्यांना जमण्यासारखं होतं.

मुलगी आली. नाव आरासेली, गाव लोग्रोन्यो. वय सत्तावीस, लग्न नाही, आणि त्याबद्दल तिला काही वाटतही नव्हतं. रिक्षातून उतरली, बॅग खाली ठेवली, आणि तिच्याकडच्या रीतीप्रमाणे तिनं विजयाबाईंच्या दोन्ही गालांचा मुका घेतला. मग पूर्णिमाचा घेतला. मग गंगाधररावांचा. गंगाधरराव जागच्या जागी उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या तोंडून 'हव' निघालं.

रुळायला तिला त्रास झाला, नाही असं नाही. तिला रात्री दहाला भूक लागे आणि इथं नऊला ओटा धुऊन व्हायचा. ठेच्याला ती भाजी समजली आणि चमचाभर खाऊन बसली. आंघोळीला बादली अन् प्लास्टिकचा मग दिला, तर तो हातात घेऊन बाहेर आली, की यातून काय प्यायचं? पण दुपारी जेवण झालं की ती गुपचूप खोलीत जाऊन झोपे. स्पेनमध्ये दुपारी झोपायची पद्धतच आहे, दुकानंसुद्धा बंद असतात, हे कळल्यावर गंगाधररावांचं त्या देशाबद्दल मत फारच चांगलं झालं.

आणखी एक गंमत होती. तिच्या भाषेत 'तिथं' म्हणायला 'आई' असा शब्द आहे. पहिले काही दिवस ती घाईत आपल्या भाषेत घसरायची. पूर्णिमानं टॉवेल कुठं आहे विचारलं, की ही दोरीकडे बोट करून म्हणे, "आई!" आणि विजयाबाई हातातलं पीठ झटकत येत, "काय वं बाई?" असं दोन-चारदा झालं आणि मग तीही त्यांना आईच म्हणू लागली.

आता दिवसभर घरात कोण? गंगाधरराव झोपलेले, पूर्णिमा कॉलेजात, क्लास सकाळीच उरकलेला. मग आरासेली स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसे आणि विजयाबाई बोलत. काय बोलत म्हणता? सगळं. आर्वीची शाळा, शेजारणीचा कुजकेपणा, गोल बाजारातल्या भांडेवाल्याची लबाडी. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं होतं ते, वाट मिळाली आणि धो धो निघालं. आरासेली ऐके. हे काय, ते काय, असं बोटानं विचारी. आणि एक दिवस विजयाबाईंनी सवयीनं विचारलं, "काय वं पोट्टी, जेवत काहून नाहीस?" तर ती म्हणाली:

"मले भूक नाही, आई."

विजयाबाईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. मले! पोटच्या पोरांनी कधी 'मले' म्हटलं नव्हतं. त्यांनी तिला काही कळू दिलं नाही, पण देवघरात जाऊन डोळे पुसून आल्या, आणि भूक नाही म्हणणाऱ्या पोरीला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. "मी आंघोळ करून राहिली." "तू काहून हसून राहिली वं?" असं ती बोलू लागली, तेही वऱ्हाडी हेल काढून. क्लासमध्ये हे उघडकीला यायला हवं होतं, पण भैय्यालालजींच्या क्लासमध्ये बोलायचं काम भैय्यालालजी स्वतःच करत. विद्यार्थ्यांनी लिहायचं असे.

तर एकदा रात्री जेवताना आरासेलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "आई, पूर्णिमा एवढी मोठी झाली, मंग लहान पोट्ट्यांची हिंदी काहून बोलते?"

पूर्णिमाचा घास घशात अडकला. हळूहळू उलगडा झाला. आरासेली हुशार होती, तिनं घरात नीट कान देऊन ऐकलं होतं. आई एका तऱ्हेनं बोलते, मुलं दुसऱ्या तऱ्हेनं उत्तर देतात, आणि दोघांनाही एकमेकांचं कळतं. यावरून तिनं असा नियम काढला, की हिंदीत मोठ्यांचं बोलणं वेगळं आणि लहानांचं वेगळं. क्लासातली हिंदी पुस्तकातली, म्हणून ती तिनं धरलीच नाही. ती स्वतः सत्तावीस वर्षांची. म्हणून तिनं मोठ्यांचं घेतलं.

"आई, तूने इसको बताया नहीं?" पूर्णिमा म्हणाली. "ये तो मराठी सीख गई! पाप लगेगा तेरे को."

"सांगते न," विजयाबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोट्टीले आधी रुळू तर दे."

आणि त्यांनी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवत, आज सांगू. मग आरासेली पाटावर येऊन बसे आणि "आई, त्या भांडेवाल्याचं मंग काय झालं?" असं विचारी. आता असं विचारणाऱ्या माणसाचं तोंड आपण होऊन कोण बंद करील?

तोंड बंद केलं ते भैय्यालालजींनी. एक दिवस त्यांना वाटलं, परीक्षा जवळ आली, मुलांना जरा बोलतं करावं. आरासेलीला म्हणाले, "अपनी शिक्षा के बारे में कुछ बताइए."

शिक्षा म्हणजे काय हे आरासेलीला चांगलं ठाऊक होतं. विजयाबाईंनी आर्वीच्या शाळेच्या गोष्टी सांगताना दहादा सांगितलं होतं, मास्तर कसे उन्हात उभं करायचे, अंगठे धरायला लावायचे. ती उठून उभी राहिली आणि मान ताठ करून म्हणाली, "मले शिक्षा कधीच नाही झाली. मी चांगली पोट्टी होती."

भैय्यालालजींच्या कागदांवर ती एम.ए. होती.

त्याच संध्याकाळी ते घरी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच विजयाबाई समजल्या. "भाभीजी," ते म्हणाले, "मैंने लड़की हिंदी सीखने भेजी थी. आपने तो उसको मराठी बना दिया!"

विजयाबाईंना आधी अभिमान वाटला. मग त्यांनी मान खाली घातली.

भैय्यालालजींनी सगळं समजावून सांगितलं. महिन्याभरात दिल्लीहून एक मॅडम येणार, तोंडी परीक्षा घेणार. पास झाली तर मुलगी वर्षभर राहील आणि तिकडे गेल्यावर तिला दुभाष्याची नोकरी आहे. नापास झाली तर स्कॉलरशिप बंद, तिकीट काढून परत. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की तिला समता कॉलनीत वर्माजींकडे हलवायचं. तिथं घरात हिंदीशिवाय काही नाही. एवढं बोलून ते गेले, आणि गंगाधरराव 'हव' म्हणायचं विसरले.

आरासेली दारात उभी होती.

"आई, हे हिंदी नाही?"

"नाही."

"मंग काय आहे?"

"मराठी आहे."

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर विजयाबाईंच्या मनात त्या क्षणी एवढंच आलं, की काय गोड 'काहून' म्हणते ही पोट्टी! मग मात्र त्यांना स्वतःची लाज वाटली. "तू बोलली का मले बरं वाटे," त्या म्हणाल्या. "माह्याशी कोणी बोलत नाही न वं. म्हणून नाही सांगितलं."

आरासेलीनं खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवायला आली नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. नोकरी तिची जाणार होती.

सकाळी ती आपण होऊन स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले होते, पण राग उतरला होता. पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, मी वर्माकडे जाते. तिथं हिंदी शिकते. आणि दर रविवारी इथं येते. रविवारी आपण दोघी मराठी बोलू. दिवसभर."

बघा, सौदा वाईट नव्हता. कोणीही शहाण्या बाईनं तो घेतला असता. दर रविवारी एक माणूस समोर बसून आपल्या भाषेत बोलणार, आणखी काय पाहिजे? पण विजयाबाईंना रविवारची पाहुणी नको होती. पाहुणे तर येतच असतात, चहा पितात, जातात. त्यांना अनिमेषच्या खोलीत दिवा पाहिजे होता, दोरीवर ओढणी पाहिजे होती. त्यांना घरची पोट्टी पाहिजे होती.

"कुठी नाही जायचं," त्या म्हणाल्या. "हिंदी मी शिकवते तुले. त्या वर्मिणीपेक्षा चांगली शिकवते."

हे ऐकून पूर्णिमा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण विजयाबाई हट्टाला पेटल्या की पेटल्या. त्या थेट समता कॉलनीत जाऊन भैय्यालालजींसमोर उभ्या राहिल्या आणि परीक्षेपर्यंतची मुदत मागून आल्या. त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "कल से इस घर में कोई मराठी नहीं बोलेगा." हे ऐकून घरात कोणाला काही फरक पडला नाही. फरक एकट्या त्यांनाच पडणार होता.

आणि बाई शब्दाला जागल्या. सकाळी उठल्यापासून हिंदी. आरासेलीनं चुकून "मले चहा दे" म्हटलं, की त्या ऐकू न आल्यासारखं करून पोळ्या लाटत राहत. कान टवकारून ऐकत मात्र असत, मनातल्या मनात "देते न वं बाई" म्हणत असत. पण तोंडानं म्हणत, "मुझे चाय चाहिए, बोलो." मग तिनं ते म्हटलं की चहा मिळे. दुधवाल्याशी हिंदी, मोलकरणीशी हिंदी, मांजर दुधात तोंड घालायला आलं तर "भाग यहाँ से!" देवापुढे तरी आपलं बोलावं, तर आरासेली मागं उभी राहून ऐके, म्हणून आरतीही त्यांनी ओठ मिटून केली. गोल बाजारात तिला नेलं आणि त्या भांडेवाल्यासमोर तिला एकटीला सोडलं. "ढक्कन ठीक से नहीं बैठता, भैया," आरासेली म्हणाली, "दूसरा दिखाओ." भांडेवाल्यानं दुसरा डबा दाखवला. विजयाबाईंना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

एकदा बूढा तालाबाच्या काठानं घरी येताना आरासेली थांबली. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाली, "आई, थोडंसं मराठी बोलू? घरी नाही, इथं."

विजयाबाईंच्या जिभेवर 'बोल न' आलं होतं. त्यांनी गिळलं. "परीक्षा होने दो," त्या म्हणाल्या. "उसके बाद जितना चाहे बोलना." आणि मनात त्यांनी सगळं ठरवून टाकलं. परीक्षा झाली की पहिल्याच दिवशी पाटवड्या करायच्या, पोट्टीला समोर बसवायचं आणि पोटभर बोलायचं.

परीक्षा झाली. दिल्लीच्या मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. विजयाबाई भैय्यालालजींच्या व्हरांड्यात बसून होत्या आणि आतून आरासेलीचा आवाज येत होता. शिक्षेबद्दल विचारलं, तेव्हा तिनं एम.ए. कुठून केलं ते सांगितलं. रायपूरबद्दल विचारलं, तलावाबद्दल विचारलं, घरच्यांबद्दल विचारलं. ती न अडखळता बोलत होती. विजयाबाईंना काही चूक सापडेना, आणि खरं सांगायचं तर त्या शोधत होत्या.

बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या, "बहुत अच्छी, बिलकुल घरेलू हिंदी है. किसने सिखाई?" भैय्यालालजी खाकरले आणि त्यांनी विजयाबाईंकडे बोट केलं. त्यांना एवढं करावं लागलं.

आरासेली पास झाली. वर्ष संपेपर्यंत ती इथंच राहणार हे पक्कं झालं. तिनं विजयाबाईंना रस्त्यावर मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि "आई, हो गया! हो गया!" असं ओरडली. विजयाबाईही रडल्या. आनंदात माणूस कोणत्या भाषेत ओरडलं याच्याकडे कोण बघतं?

रात्री पाटवडीचा बेत झाला. रस्सा असा झणझणीत, की गंगाधरराव कपाळाचा घाम पुसत जेवत होते. आरासेलीनं आता पोळी रश्श्यात बुडवून खायची पद्धत उचलली होती. समोर पूर्णिमा पुस्तकात डोकं घालून जेवत होती. विजयाबाई वाढायला उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं घशाशी आलं होतं, कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी साधंच विचारलं.

"काय वं पोट्टी, कशी झाली पाटवडी? देऊ न अजून एक?"

"नहीं आई, बस," आरासेली ताटातून वर न बघता म्हणाली. "पेट भर गया मेरा."

विजयाबाईंना वाटलं, परीक्षेची सवय अजून उतरली नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा सावकाश, "आता झाली न वं परीक्षा. आता काहून नाही बोलत मराठी?"

आरासेलीनं मान वर केली. ती गोड हसली. जे मनात होतं तेच तिनं सांगितलं, त्यात लबाडी काही नव्हती.

"अब हिंदी ही मुँह में आती है, आई. आप बोलो ना मराठी. मैं समझती हूँ सब."

पूर्णिमानं पुस्तकातून डोकं काढलं नाही. तिला यात वेगळं असं काही ऐकूच आलं नव्हतं. गंगाधररावांनी भात मागितला, विजयाबाईंनी तो वाढला. मग त्यांनी पाटवडीचं पातेलं उचललं, आधी पूर्णिमाच्या ताटात एक टाकली, मग आरासेलीच्या, आणि दोघींनाही मराठीत म्हणाल्या, "खा मुकाट्यानं."

"आई, बस ना!" दोघी एकदम म्हणाल्या.